रणगाड्यांना हळद

घटातलं धान बोटभर वर आलं की मला रणगाडे आठवतात. हे मी एकदा कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सहज बोलून गेले, तर शेजारच्या बाईंनी भगरीचा घास हातातच धरून ठेवला. नवरात्राच्या उपासानं मला भोवळ आली असावी, असं त्यांना वाटलं. मी उपास करत नाही आणि मला भोवळही येत नाही. मी रणगाडे रंगवते, आणि ते सांगताना आता माझा आवाज खाली जात नाही.

हे रणगाडे तळहातावर मावतात. जगातल्या कुठल्याच फौजेत ते नाहीत, कारण ते अजून बनायचेत. पुढच्या कुठल्यातरी शतकात, कुठल्यातरी परक्या ग्रहावर ज्या लढाया होतील त्या आजच टेबलावर लढून घ्यायच्या, असा हा खेळ. हातात फासे आणि मोजायची टेप, समोर खोटे डोंगर, आणि दोन्ही बाजूंना आपापली फौज. पुण्यात शिकताना केदार नावाच्या वर्गमित्रानं मला या नादाला लावलं. आता तो घरच्या थ्री-डी प्रिंटरवर रणगाडे छापतो आणि पार्सलनं इकडे शेवगावजवळच्या आमच्या वस्तीवर पाठवतो. येतात तेव्हा ते नुसते राखाडी ठोकळे असतात. जीव त्यांच्यात मी घालते. केदारला हे वाक्य आवडत नाही, पण त्यानं एकदा स्वतः रंगवलेला रणगाडा मी पाहिला आहे, त्यामुळे त्यानं गप्प बसावं हे बरं.

रंगकामाला आश्विनासारखा महिना नाही. पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की पहिला हात मारला की वर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. उन्हाळ्यात रंग ब्रशावरच वाळतो. आश्विनात मात्र पाऊस उघडलेला असतो, ऊन कडक पण हवा कोरडी, आणि पातळ केलेला रंग पत्र्यावर पसरावा तसा सरळ पसरतो. आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचं, मग राखाडी अस्तर, मग मूळ रंगाचे पातळ हात, एकावर एक. मग काळपट पाण्यासारखा रंग खाचांत सोडायचा, तो आपला आपण कोपरे शोधतो. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवायचा, की धातू घासून उजळल्यासारखा दिसतो. एवढं सगळं झालं की रणगाडा वापरलेला वाटतो, कुठून तरी आलेला वाटतो. कोरा करकरीत रणगाडा हा माझ्या मते रणगाडाच नव्हे.

या महिन्याला एकच खोड आहे, ती म्हणजे बाजरी. शेजारच्या रानात मळणी यंत्र लागलं की भुसाचं धुकं खिडकीतून आत येतं आणि ओल्या रंगावर बसतं. एकदा तर एक अख्खी तुकडी अंगावर लव आल्यासारखी दिसत होती. तेव्हापासून मी आधी यंत्राचा आवाज ऐकते आणि मगच वॉर्निशची बाटली उघडते.

आवाजाचं मला तसं बाळकडूच आहे. माझं माहेर नगरजवळच्या भिंगारचं. लहानपणी दूर कुठेतरी लष्कराचा सराव सुरू झाला की आमच्या मांडणीवरची ताटं बारीक किणकिणायची आणि आई भाजी ढवळता ढवळता म्हणायची, "चाललंय त्यांचं." लांबलचक ट्रेलरवर ताडपत्री घातलेले रणगाडे रस्त्यानं जायचे, तेव्हा सायकली आपोआप कडेला व्हायच्या. इतर मुलींना भीती वाटायची. मला वाटायचं, एकदा ती ताडपत्री उचलून रंग बघायला मिळावा. रंग म्हणजे काय, तर धूळ. मूळ रंग कुठला आणि रस्त्याची धूळ कुठली हे कळत नव्हतं, आणि ते न कळणंच मला फार आवडायचं. आजही माझा हात त्याच्यासाठीच धडपडतो.

लग्न होऊन वस्तीवर आले तेव्हा माहेरच्या सामानात माझं एक टेबल होतं. पुढच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीशी ते लागलं. पण ती खोली खरी म्हणजे कापसाची. दसऱ्यानंतर वेचणीला जोर आला की कापूस घरात येतो, आणि भाव बरा दिसेपर्यंत तिथंच राहतो. अर्धी खोली, मग पाऊण खोली, मग दार उघडलं की पायावर. त्यामुळे दरवर्षी माझं टेबल गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचं, ते थेट होळीच्या सुमाराला परत यायचं. शेडमध्ये उजेड नाही, वरून धूळ आणि खालून घुशी. म्हणजे रंगवायचा सगळ्यात चांगला काळ मी टेबलाशिवाय काढायचे. कुणाचा वाईट हेतू नव्हता. कापूस हे काम होतं आणि माझं ते खेळणं होतं, एवढा साधा हिशेब होता.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी माझ्या उद्योगाला पहिल्याच वर्षी नाव ठेवलं होतं, भातुकली. त्यात विष नव्हतं, पण ते नाव मला टोचायचं. मी ब्रशाचं टोक ओठांत धरून ओढते, ते त्यांना बिलकूल खपायचं नाही.

"नवरात्रात तोंडात रंग घालतीस व्हय गं? पोटात गेला मंजी?"

"जात नाही हो, आत्याबाई."

"न्हाई जात म्हनं. जीभ निळी झालीया बघ तुजी."

आणि दोनतीन दिवसांनी, कापसाची बोंडं फुटायला लागली की ठरलेलं वाक्य यायचं, "आवर बाई आता तुजी भातुकली. घरात कापूस येनार हाय." मामंजी, म्हणजे माझे सासरे, तेवढं बोलायचे नाहीत. ते रणगाडा उचलून उलटा करून खालून बघायचे, मग सरळ करून पुढून बघायचे. घोडेगावच्या बाजारात बैल असेच बघितले जातात. मग होता तिथं परत ठेवायचे, म्हणजे सौदा फिसकटलेला असायचा.

ज्या आश्विनाबद्दल मी हे लिहिते आहे, त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी पुण्यात सामना ठरला होता. तोवर तिथल्या खेळणाऱ्या मंडळींनी मला फक्त रंगवणारी म्हणून ओळखलं होतं. माझे रणगाडे दुसरेच कुणी चालवायचे आणि डावात गमवायचे. त्या वर्षी पहिल्यांदा मी स्वतःची फौज घेऊन बसणार होते. त्यांचा एक कडक नियम आहे, रंग पूर्ण नसलेला रणगाडा टेबलावर चढत नाही. मी मनाशी असंही ठरवलं होतं की ही फौज झाली की मग टेबल शेडमध्ये गेलं तर जाऊ दे, पुढचं पुढं बघू. मनातून मात्र मला ते टेबल हलायला नको होतं. कुणाला तसं सांगायला तोंड नव्हतं, कारण भातुकलीसाठी कापूस बाहेर ठेवा असं कुठली सून म्हणेल.

रंग मी हस्तिदंती घेतला होता. पांढऱ्यात थोडा पिवळा, थोडा तपकिरी. खालच्या भागावर मात्र काळा चिखल उडालेला. या खेळातले लोक बहुधा तांबडी वाळू रंगवतात, परक्या ग्रहावर तांबडी वाळूच असते असा सगळ्यांचा समज आहे. मी आमच्याच रानातली काळी माती वस्त्रगाळ करून गोंदात कालवली आणि लावली. केदारनं फोटो बघून विचारलं, हा कुठला ग्रह? मी म्हटलं, कपाशीचा. ज्याला वाळू पाहिजे त्यानं वाळू घ्यावी, माझी फौज भारी जमिनीतून आलेली आहे.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. हत्यारं म्हणजे तलवारी नव्हेत, ज्याच्या हातावर घर चालतं ते सगळं. विळे, खुरपी, कुऱ्हाड धुऊन पुसून ओसरीवर पाटावर मांडायचे. ट्रॅक्टर अंगणात धुऊन उभा करायचा आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं. पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला विश्रांती, कुणी चालवायचं नाही. मी भल्या पहाटेच्या गारव्यात सगळ्या रणगाड्यांना वॉर्निशचा शेवटचा हात दिला, एका पत्र्याच्या ताटात ओळीनं मांडून खिडकीत वाळत ठेवले, आणि नवऱ्याबरोबर, सचिनबरोबर, झेंडूची फुलं आणायला शेवगावला गेले. बाजारात सगळ्या तालुक्याला त्याच वेळी फुलं पाहिजे होती, त्यामुळे आम्हाला उशीर झाला.

परत आले तर खिडकीत ताट नव्हतं.

ते ओसरीवर होतं. पाटावर विळ्यांची ओळ, मग खुरपी, मग सचिनचे पाने आणि पकडी, मामंजींची कुऱ्हाड, आत्याबाईंचं शिलाई मशीन, आणि त्याच्या शेजारी माझे रणगाडे, तोंडं पूर्वेला करून. प्रत्येकाच्या कपाळावर, म्हणजे तोफेच्या बरोबर खाली, ओल्या हळदीचं एक बोट, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. वॉर्निश अजून ओलं होतं. तांदूळ त्यात रुतून बसले होते, हळद आत उतरली होती, आणि हस्तिदंती रंगावर पिवळा डाग दिसायचा तितका ठळक दिसत होता.

माझ्या तोंडून पहिले शब्द बाहेर पडले ते चांगले नव्हते. "कुणी केलं हे? ओले होते ते. रविवारी घेऊन जायचेत मला, आता हे चढू तरी देतील का टेबलावर?"

आत्याबाई हळदीची वाटी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांना वल्लं आणि वाळलं हे काय प्रकरण आहे ते उमगलं नव्हतं, पण माझं तोंड उमगलं.

"मी मांडली. समद्यांची हत्यारं मांडली. तुजी तेवढी आत कशी ठिवू?"

त्या भातुकली म्हणाल्या नव्हत्या. हत्यारं म्हणाल्या होत्या. तेही कुठे गाजावाजा न करता, विळ्याला म्हणावं तसं. राग आणि आनंद एकाच वेळी आले की माणसाचा चेहरा काय होतो ते मला माहीत नाही, पण सचिन म्हणतो की मी शिंकणार असं त्याला वाटलं.

तरी डाग तो डागच. मी ताट उचलून मोरीत नेलं आणि घाईघाईनं भांड्याचा साबण लावला. आता मी शिकवते रसायनशास्त्र. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे दरवर्षी मुलांना कागद रंगवून दाखवते, आणि मुलं दरवर्षी आ वासतात. त्या दिवशी आ वासायची पाळी माझी होती. पिवळी बोटं बघता बघता रक्तासारखी लाल झाली. मागे उभ्या असलेल्या आत्याबाई एकदम पुढे आल्या.

"अगं बया. काय केलंस गं?"

"काही नाही, लिंबू द्या."

त्यांनी ट्रॅक्टरच्या चाकाखालचं लिंबू आणून दिलं. मामंजी अंगणातून बघत होते. लिंबाच्या थेंबांनी लाल परत पिवळं झालं, शास्त्राप्रमाणे. त्यापलीकडे शास्त्राचा उपयोग नव्हता, कारण हळद वॉर्निशच्या आत होती. उन्हात ठेवली तर ती उडते, पण त्याला आठवडे लागतात आणि माझ्याकडे रविवारपर्यंतचाच वेळ होता.

मग आम्ही दोघी ओसरीवर बसलो. मला अक्षता काढायच्या होत्या, आणि आज हत्याराला हात लावायचा नाही हा नियम आत्याबाईंचाच होता. त्यांनीच निकाल दिला, "पुसायचं मंजी काय चालवायचं न्हवं." असं म्हणून गोधडीची सुई घेऊन त्या स्वतःच बसल्या. तांदळाचा एक एक दाणा सुईच्या टोकानं त्या इतक्या हळू उचलत होत्या की खालचा रंग जागचा हलत नव्हता. हातानं काम करता करता त्यांना प्रश्न पडायला लागले.

"ह्याला चाकं न्हाईत?"

"नाहीत. हे हवेवर तरंगतं, जमिनीपासून थोडं वर."

"मंग खाली चिखुल कशाला लावलास?"

"वाऱ्याच्या झोतानं उडतो ना खालून."

हे त्यांना पटलं. फवारणीचं यंत्र चालवताना उडतो तसा, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग बराच वेळ त्यांनी एक रणगाडा डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "चिखुल आपला हाय पर. लांबचा न्हाई." माझ्या रंगकामाला एवढी चांगली दाद पुण्यातसुद्धा कुणी दिली नव्हती.

तोवर माझं ठरलं होतं. दाणे निघाले, कुंकू पुसलं, हळदीची बोटं ठेवली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मी टेबलाशी बसले, सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि प्रत्येक पिवळ्या बोटाभोवती काळी बारीक रेघ ओढली. फौजेला निशाण असतंच, कुणाचा गरुड असतो, कुणाची कवटी असते. माझ्या फौजेला एक बोट होतं, आणि प्रत्येक रणगाड्यावर ते थोडं वेगळं उमटलं होतं, कुठे तिरकं, कुठे दाबून, कुठे घाईत. छापील निशाणात ती मजा नाही.

पुण्यात समोर बसलेल्या मुलानं पहिलं तेच विचारलं, हे चिन्ह कुठल्या तुकडीचं. मी सांगितलं, आमच्या सासूबाईंच्या. तो हसला, मग मी हसत नाही म्हणून गंभीर झाला. नियम तपासणाऱ्यानं भिंग लावून रंग पाहिला आणि फौज चढू दिली. तो डाव मी जिंकले असं लिहायला मला आवडलं असतं. फाशांना ते मान्य नव्हतं. पण माझा सेनापतीचा रणगाडा शेवटपर्यंत टेबलावर उभा होता आणि मी एकही चाल दुसऱ्याला विचारून केली नाही. घरी फोन केला तर आत्याबाईंनीच घेतला.

"जिकलीस का?"

"हरले, थोडक्यात."

"ऱ्हाऊ दे. म्होरल्या वक्ताला खाली लिंबू ठिवू."

"त्याला चाकं नाहीत, आत्याबाई."

"मंग वर ठिवू. लिंबाला काय व्हतंय."

मी घरी पोहोचले तेव्हा कापूस आलेला होता. पुढच्या खोलीच्या दाराशीच मी पिशवी घेऊन उभी राहिले. पांढरा ढीग भिंतीपासून निघून खोलीभर पसरत आला होता आणि माझ्या टेबलापाशी थांबला होता. टेबलाच्या पुढे आडवी फळी लावलेली, माझी खुर्ची मावेल एवढी जागा मोकळी, वर खिडकी उघडी. सचिन म्हणाला, "आम्ही उचलत होतो. आईनं उचलू दिलं नाही. पुजलेलं हत्यार जागेवरनं हलवत नसतात म्हणाली." असा नियम मी तरी कुठे ऐकलेला नाही. विळे तर दसरा झाला की लगेच रानात जातात. पण मी त्यावर शंका काढली नाही. पिशवीतून रणगाडे काढून टेबलावर मांडले, आणि कापसाच्या कडेला बसून मनसोक्त रडून घेतलं.

हळदीचा रंग टिकाऊ नसतो, हे मी वर्गात सांगते आणि घरात बघते. खिडकीतल्या उन्हानं ती बोटं वर्षभरात फिकी होत जातात आणि भाद्रपदापर्यंत काळी रेघ तेवढी उरते, मधली जागा रिकामी. आता मी नवीन रणगाडा रंगवला की तोफेखाली बोटाएवढी जागा कोरीच सोडते. फोटो बघून लोक कळवतात, इथं रंग द्यायचा राहिला. मी त्यांना कळवते की राहिलेला नाही, ठेवलेला आहे. ज्यांना समजायचं ते समजतात, बाकीच्यांसाठी माझ्याकडे वेळ नाही.

यंदाही घटातलं धान बोटभर वर आलं, मळणी यंत्राचा आवाज ऐकून मी वॉर्निश लांबवलं, आणि शेवटचा हात द्यायला नेमकी खंडेनवमीची सकाळच उजाडली. ओसरीवर पाट मांडून झाला. विळे, खुरपी, कुऱ्हाड, मशीन, सगळं जागच्या जागी. ट्रॅक्टर धुऊन उभा होता. मामंजी नवी टोपी घालून हातात नारळ घेऊन तयार होते, आणि त्यांना रानात माणसांकडे जायचं होतं.

"चला की. फोडू का नारळ?"

आत्याबाई माझ्या ताटाशी वाकल्या होत्या. त्यांनी करंगळीचं टोक सेनापतीच्या रणगाड्याला खालून, कुणाला दिसणार नाही अशा जागी, अगदी हलकं लावून पाहिलं. मग हळदीची वाटी खाली ठेवली आणि पदरानं हात पुसून पायरीवर बसल्या.

"थांबा वाईच," त्या म्हणाल्या. "तिचं वाळू द्या."

मामंजींनी नारळ काखेत धरला आणि तेही बसले.